सायरीचे सोळा फोटो

भैरूलाल चिताऱ्याने मुलाला सगळे रंग शिकवले, पण डोळे शिकवले नाहीत. आधी फिक्या पिवळ्या रेघांची आखणी, मग अंगाचा नारिंगी, दागिन्यांचा पिवळा, झाडांचा हिरवा, पागोट्यांचा लाल आणि शेवटी काळी रेघ, इथपर्यंत तिलोकचा हात छान बसला होता. पण फडीवरच्या, म्हणजे कथा रंगवलेल्या लांबलचक कापडावरच्या, पाबूजी देवाचे डोळे सगळ्यात शेवटी काढायचे असतात. ती फड गावोगाव नेऊन तिच्यापुढे देवाची कथा गाणारा भोपा तेव्हा समोर बसलेला असतो. डोळे उघडले की कापडाचं कापडपण संपतं, त्याचा देव होतो. नेमक्या त्या वेळी बाप म्हणायचा, "तुझा हात थरथरतो. जा, चहा सांगून ये." पंचविशीपर्यंत तिलोक चहाच सांगत राहिला. मग एक दिवस चहा सांगायला म्हणून गेला तो बाजारातल्या फोटो स्टुडिओत नोकरी धरूनच घरी आला. बापाने चार शिव्या घातल्या असत्या तर दोघांनाही बरं वाटलं असतं.

आता तिलोक सेहेचाळीसचा होता आणि बापाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. बापाची खारीच्या केसांची बारीक कुंचली त्याच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत असे. तिने तो भिंगावरची धूळ झटके. हा बापाचा मान की अपमान, याचा निकाल त्याने अजून लावला नव्हता.

जोधपूरच्या एका संस्थेने त्याला जुन्या फडींचे फोटो काढायचं काम दिलं होतं, आणि कॅमेराही तसाच दिला होता. साधा कॅमेरा एकदा डोळा मिटतो आणि एक फोटो काढतो. हा एकाच चित्राचे सोळा काढी. दर वेळी त्याच्या पोटातला सेन्सर केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतका सरके, आणि मग ते सोळाही फोटो कॉम्प्युटरवर एकमेकांत विणले की असा एक फोटो होई, की त्यात कापडाचा धागा न् धागा मोजून घ्यावा. अट एकच. चाळीस सेकंद समोरचं काही हलता कामा नये. उजेडसुद्धा नाही. भिंतीवरची चित्रं, पोथ्या, नाणी, देव, जे जे श्वास घेत नाही त्याच्यासाठी हा कॅमेरा होता. तिलोकला तो फार आवडे. लग्नातल्या नाचऱ्या वऱ्हाडापुढे वीस वर्षं काढलेल्या माणसाला गप्प बसणारं गिऱ्हाईक मिळालं होतं.

भाद्रपदात तो फलोदीकडच्या एका गावात पेमाराम भोप्याची फड टिपायला गेला. ती अडतीस वर्षांपूर्वी भैरूलालनेच रंगवलेली. आता तिच्या घड्या विरल्या होत्या, कडा झडल्या होत्या, आणि कार्तिकातल्या एकादशीला पेमाराम तिला पुष्करला नेऊन थंड करणार होता. जुनी झाली म्हणून फड कुणी टाकून देत नाही. डोळे उघडून जागा केलेला देव आहे तो. त्याला नैवेद्य दाखवून सरोवराच्या पाण्यात सोडावं लागतं, आणि सोडणारा भोपा घरचं माणूस गेल्यासारखा रडतो. जे जागं केलं, ते एक दिवस आपल्याच हाताने थंड करायचं. एवढं कबूल असेल त्यानेच फड घ्यावी.

शाळेला सुटी होती. वारा नको म्हणून तिलोकने शाळेची एक खोली मागून घेतली, खिडक्यांना पोती लावली, फड भिंतीवर ताणली आणि दोन्ही बाजूंना मोठे दिवे उभे केले. पेमाराम पायातले घुंगरू काढून कोपऱ्यात बसला होता. वाळलेल्या खेजडीच्या फांदीसारखा उभट माणूस, डोक्याला लाल साफा, मांडीवर गजाने वाजवायचा रावणहत्था. त्याच्याशेजारी त्याची बायको सायरी. फडीपुढे हातात दिवा घेऊन गाणारी ती भोपी. जिथलं गाणं चालू असेल तिथल्या चित्रावर दिवा धरायचा आणि घुंघटाआडून वरच्या सुरात ओढ द्यायची, हे तिचं अडतीस वर्षांचं काम. मधल्या दिवसांत दोघंही दगडाच्या खाणीवर जात. खाणीने पेमारामची फक्त पाठ घेतली. सायरीची छाती घेतली. वाक्य संपायच्या आत तिला खोकला येई.

"काकीसा, तेवढा दिवा विझवा," तिलोक म्हणाला. "त्याची ज्योत हलते. फोटोत उजेड कमीजास्त होतो."

"फड उघडी आणि दिवा नाही?" घुंघटाआडून आवाज आला. "मग काय चादर वाळत घातलीय मी इथे?"

"संस्थेचे मोठे दिवे आहेत की."

"त्या दिव्यांना पाबूजी ओळखतात का, विचार त्यांना."

पेमाराम खो खो हसला. "चितेराजी, हिच्याशी वाद घालू नका. अडतीस वर्षांत मला जमलं नाही." शेवटी दिवा कॅमेऱ्याच्या मागे, दाराशी ठेवायचं ठरलं. तिथून त्याचा उजेड फडीवर पडत नव्हता आणि पाबूजींना तो दिसत होता. सगळ्यांचं समाधान झालं.

दिवसभर तिलोकने फड तुकड्यातुकड्याने टिपली. पाबूजींचा दरबार, लंकेहून आणलेल्या सांडण्या, पाबूजींची केसर काळमी घोडी. बटण दाबायचं आणि चाळीस सेकंद तिघांनीही दगड व्हायचं. एकदा पेमाराम उठून पाणी प्यायला गेला, तर जमीन एवढीशी हादरली आणि घोडीच्या पायांवर बारीक चौकड्यांची जाळी उमटली. तिलोकने ते सोळा पुन्हा काढले. घोडीच्या खुरांखाली काजळीचा मोठा काळा डाग होता. घोडीच्या गाण्याला सायरी फार वेळ दिवा धरून ठेवत असे, त्याचा तो डाग. तो फोटोत नीट यावा म्हणून तिलोकने उजेड दोनदा बदलला. कामाच्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

साडेतीनच्या सुमारास शेवटचा तुकडा झाला. चारला गावातली वीज जायची. तिलोक वायरी गुंडाळायला वाकला तेवढ्यात पेमारामने घसा साफ केला.

"चितेराजी, एक काम होतं. हिचा एक फोटो काढा. फडीजवळ उभी करून. फड कार्तिकात चालली. हिचं पण काही…" तो थांबला. "म्हणजे आठवण राहील."

"काढतो की. उभ्या राहा काकीसा." तिलोकने कॅमेऱ्याची कळ साध्या फोटोवर फिरवली.

पेमारामने ते बरोबर पाहिलं. दिवसभर बसून त्याला कळ कुठली ते कळलं होतं. "तो नाही. मोठा काढा. सोळाचा."

"भोपाजी, तो माणसांसाठी नसतो. माणूस हलतो. बिघडेल."

"देवाला सोळा आणि आम्हाला एक?" पेमारामचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. चिताऱ्यांच्या ओसरीवर त्याला अडतीस वर्षांपूर्वी वेगळ्या कपात चहा मिळाला होता, आणि तो कप कोणता हे दोघांनाही माहीत होतं. तिलोकने कळ पुन्हा सोळावर फिरवली. तो कॅमेऱ्याचं गणित समजावून सांगू शकला असता. त्या गणितावर या माणसाने का विश्वास ठेवावा, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं.

"मी उभी राहीन दगडासारखी," सायरी म्हणाली. "हा रावणहत्था कानाशी ओरडायचा तेव्हा उभी राहिले. श्वाससुद्धा धरून ठेवते, हवं तर."

ती दाराजवळचा दिवा उचलून फडीपुढे आली, घोडीशेजारी उभी राहिली, आणि मग तिने घुंघट मागे सारला. तिलोक दचकला. भोपीचा चेहरा तो पहिल्यांदाच पाहत होता. गावोगावच्या हजारो माणसांनी तिचा आवाज ऐकला होता, तिने उजळलेला देव पाहिला होता. तिला कुणी पाहिलं नव्हतं.

पाहिलं म्हणावं तर तिलोकनेही नाही. तो कॅमेऱ्यामागे वाकून नथ नीट टिपली जातेय का ते बघत होता. त्याने बटण दाबलं.

"आली बाई आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहायची वेळ," पेमाराम कोपऱ्यातून पुटपुटला.

सायरीला हसू फुटलं. तिने ते दाबलं, पुन्हा फुटलं, खांदे हलले. मग तिने मान सरळ केली आणि छाती भरून श्वास घेतला. कॅमेरा आपला टक टक करत राहिला. अकराव्या-बाराव्या टकेला तिची छाती हरली. खोकल्याची अशी उबळ आली की दिवा हातातून पडता पडता पेमारामने धरला. तिला बसवलं, पाणी दिलं. तेवढ्यात वीज गेली आणि खोलीत अंधार झाला.

"बाहेर उजेडात एक काढू या, साधा," तिलोक म्हणाला.

"बाहेर मी तोंड उघडं टाकू?" धापा टाकत तिने घुंघट पुढे ओढला. "आला ना एवढा? बास झालं."

इथे तिलोकने हट्ट धरायला हवा होता. पोतं बाजूला सारून खिडकीच्या उजेडात दोन मिनिटांचं काम होतं. पण जोधपूरची शेवटची बस साडेचारची होती, आणि फोटो द्यायला तो परत येणारच होता. "पुढच्या वेळी काढू," तो म्हणाला. सायरीने त्याला बाजरीचा सोगरा आणि काचरीची चटणी फडक्यात बांधून दिली. "बापासारखाच आहेस," ती म्हणाली. "तो पण माझ्याकडे बघायचा नाही. फडीकडेच बघायचा." तिलोकला ती स्तुती वाटली. बसमध्ये सोगरा खाताना तो खूश होता.

महिन्याभरात त्याने सगळी फड विणून पूर्ण केली. सायरीचे सोळा फोटो तेवढे बाजूला ठेवले. काय निघणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीकडे न बघण्यात माणूस किती दिवस काढू शकतो याला मर्यादा नाही.

आश्विनात फोन आला. "चितेराजी, सायरी गेली. आज सहावा दिवस." पेमाराम बाजारभाव सांगावा तसा बोलत होता. "बाराव्याला फोटो ठेवायचाय. तिचा दुसरा फोटोच नाही. आधार कार्डावरचा आहे, तो तिलासुद्धा ओळखू यायचा नाही. तुम्ही मोठा काढला होता ना, तेवढा आणा."

तिलोकने "आणतो" म्हटलं. त्यानंतर दिवसभर तो कॉम्प्युटरजवळ गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते सोळा विणायला लावले.

फड निघाली सुरेख. घोडीची आयाळ, खुरांखालची काजळी, धाग्याधाग्यात मुरलेलं तेल. आणि शेजारी, जिथे सायरी उभी होती, तिथे कोंबड्यांच्या जाळीआडून कुणी बघावं तसं काहीतरी होतं. दोन नाकं, तीन नथी, आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या चौकड्या. ज्योतीचा तर पांढरा चोळामोळा झाला होता. कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता. स्थिर उभं होतं ते त्याने चोख टिपलं होतं. तिलोक ते बघत बसला आणि त्याला रडू आलं. बाप गेला तेव्हा आलं नव्हतं एवढं आलं.

मग त्याने सोळाही सुटे सुटे उघडले. पहिल्यात तिची मान नुकतीच वळत होती, डोळे फरफटलेले. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत ती हसत होती आणि हसण्याने डोळ्यांच्या चिरा झाल्या होत्या, चेहरा हललेला. सातवा, आठवा, दहावा, अकरावा पुसट. बाराव्यापासून पुढे खोकला, मग पेमारामचा हात, नुसती फड. नववा मात्र स्वच्छ आला होता. कपाळावरचं गोंदण, गालांवरच्या सुरकुत्या, ओठ गच्च मिटलेले, छाती भरलेली. श्वास धरून ती क्षणभर खरोखर दगडासारखी उभी राहिली होती. आणि तेवढं बळ लावताना तिने डोळे मिटले होते.

तिलोकला त्या चेहऱ्याकडे बघवेना. नजर चुकवायला त्याने विणलेली फड पुन्हा उघडली, आणि सवयीने पाबूजींच्या डोळ्यावर येऊन ती मोठी करत गेला. बापाचे डोळे. चिताऱ्यांच्या शाहपुऱ्यात ज्यांची शपथ घ्यावी असे. मोठं करता करता काळ्या रेघेखाली फिकी पिवळी रेघ दिसायला लागली. एक नाही, तीन. बाप डोळा काढताना दोनदा चुकला होता, पुसून त्याने तो पुन्हा आखला होता. आणि वरच्या काळ्या रेघेला, अगदी कोपऱ्यात, बारीकशी थरथर होती. साध्या नजरेला ती अडतीस वर्षांत कुणाला दिसली नव्हती. तिलोक कितीतरी वेळ त्या थरथरीकडे बघत राहिला. बापाला विचारण्यासारखं आता बरंच होतं, पण विचारणार कुणाला?

नवव्या फोटोची मोठी प्रत काढून त्याने चौकटीत बसवली. काच मात्र बसवली नाही. बसच्या धक्क्यांनी फुटेल, असं त्याने दुकानदाराला सांगितलं, आणि स्वतःलाही.

बाराव्याच्या दिवशी पेमारामच्या अंगणात खेजडीखाली माणसं बसली होती. लापशी शिजत होती. पेमारामने साफा पांढरा बांधला होता. फोटोवरचं फडकं त्याने स्वतः काढलं आणि मांडीवर घेऊन बघत बसला.

"डोळे?" त्याने विचारलं.

"मिटलेत. एवढा एकच नीट आला, भोपाजी."

पेमारामने मान वर केली. "मी हसवलं तिला. त्यामुळे?"

तिलोकच्या डोळ्यांपुढे दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा फोटो येऊन गेला. "नाही," तो म्हणाला. "तुमचं काही नाही. तो कॅमेरा माणसांसाठी नव्हता आणि मला ते माहीत होतं. नंतर एक साधा काढला असता तर आज ती बघत असती. माझी चूक."

मग त्याची थोरली बहीण, हुक्क्याच्या आवाजाची म्हातारी, पुढे सरकली. "अरे, मग रडता काय? चिताऱ्याचा पोरगा ना तू? काढ की डोळे. तुमच्या घरात डोळे शेवटीच काढतात." बायकांनी माना डोलवल्या. कुणीतरी दिव्यावर वाटी उपडी धरून काजळी धरली, त्यात तेलाचा थेंब खलला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. चितारा आहे, चित्र अर्धं आहे, भोपा समोर आहे. अजून काय लागतं?

तिलोकने पिशवीतून बापाची कुंचली काढली. तिच्यावरची भिंगाची धूळ बोटाने पुसली. फोटो पाटावर ठेवला. पलीकडे पेमाराम मांडी घालून बसला. अडतीस वर्षांपूर्वी भैरूलालसमोर तो असाच बसला असेल. तिलोकने कुंचली काजळीत बुडवली आणि टोक लावलं. सायरीचे डोळे कसे होते ते त्याला आठवत नव्हतं. त्याने तेव्हा नथ पाहिली होती.

"कसे होते, भोपाजी? तुम्ही सांगा, मी काढतो."

"उजव्यात एक ठिपका होता," पेमाराम म्हणाला. "खाणीत कपची उडाली होती. आणि दिवा धरला की…"

तिलोक वाकला. कुंचलीचं टोक सायरीच्या पापणीच्या वर, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर आलं. हात थरथरत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा थरथरत नव्हता.

पेमारामने आपला पंजा फोटोवर पसरला.

"नको."

"हात स्थिर आहे माझा," तिलोक म्हणाला. "खरंच आहे. बघा."

"तुमचा आहे हो." पेमारामने पंजा उचलला नाही. "डोळे उघडलेत की ती जागी होणार. जागी झाली की हिलाही एक दिवस थंड करायला न्यावं लागणार, आणि न्यायला मीच. एक परवा जाळून आलो. एक कार्तिकात पाण्यात सोडायचीय. तिसऱ्यांदा नाही जमायचं मला, चितेराजी. दम धरून उभी आहे, तशी राहू दे."

तिलोकने कुंचली फडक्याला पुसली. काजळी पुरती निघाली नाही, केसांच्या मुळाशी राहिली.

पेमारामने फोटो उचलून भिंतीशी टेकवला, गुंडाळलेल्या फडीच्या शेजारी. एका सुनेने चालीरीतीप्रमाणे दिवा लावून अगदी फोटोसमोर आणून ठेवला. पेमाराम ते बघत होता.

"जरा बाजूला ठेव गं," तो म्हणाला. "तिच्या डोळ्यांवर येतोय."